आफ्टरमार्केट ब्रेक बसवताना बोल्ट किती आणि कसे आवळायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठी डिस्क आणि चार किंवा सहा पिस्टनांचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असलेलं किट स्वतः बसवणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. गॅरेजात शेजारी उभं राहून बसवून घेणाऱ्यांनाही उपयोगी पडतील. आकड्यांसाठी पोर्शे ९११ ची ९९६ ही पिढी धरली आहे. तिच्या पुढच्या कॅलिपरचे बोल्ट एम १२ × १.५ (व्यास १२ मिलिमीटर; दोन आट्यांतलं अंतर, म्हणजे पिच, १.५), टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, ८५ न्यूटन-मीटर. चाकाचे बोल्ट एम १४ × १.५, टॉर्क १३० न्यूटन-मीटर. तुमची गाडी दुसरी असेल तर हिशेब हाच, आकडे तिच्या पुस्तिकेतले घ्या.

हाताला घट्ट लागलं की झालं, एवढं पुरत नाही का?

नाही. कॅलिपरचा बोल्ट खुंटीसारखा अडसर म्हणून काम करतो, असा समज सर्रास आढळतो. खरं तर बोल्टचं काम फक्त दाबून धरायचं. ब्रेकचा धक्का पेलतं ते कॅलिपरचा कान (बोल्टच्या भोकाचा भाग) आणि अपराइट (हब आणि कॅलिपर धरणारा गाडीचा भाग) यांच्यामधलं घर्षण.

थोडं गणित मांडू. १४०० किलोची गाडी १ जी ने थांबते आहे आणि ७० टक्के भार पुढे आला आहे. पुढच्या एका टायरवर सुमारे ४.८ किलोन्यूटन बल येतं. टायरची त्रिज्या ३२ सेंटीमीटर, पॅड डिस्कला जिथे धरतात तिथली त्रिज्या १४ सेंटीमीटर. म्हणजे कॅलिपरला ओढणारं बल ११ किलोन्यूटन, एक टनाहून जास्त. आता दोन बोल्ट ८५ न्यूटन-मीटरला आवळले की प्रत्येकी साधारण ४७ किलोन्यूटन दाब मिळतो. दोघांचे ९४, घर्षणांक ०.१५ धरला तर पकड १४ किलोन्यूटनची. अकराला चौदा, भागलं.

हेच बोल्ट अर्धेच आवळले तर पकड सातवर येते. मग प्रत्येक ब्रेकला कॅलिपर केसभर सरकतो, बोल्ट एकदा इकडे वाकतो, एकदा तिकडे. धातू असा वाकून वाकून थकतो आणि तुटतो. सैल बोल्ट निसटून पडण्याआधी बऱ्याचदा मोडतो तो यामुळे.

किटच्या कागदावरचा आकडा घ्यायचा की गाडीच्या पुस्तिकेतला?

जोड दोन असतात. गाडीचा अपराइट आणि किटचा ब्रॅकेट हा एक, ब्रॅकेट आणि कॅलिपर हा दुसरा. दुसऱ्या जोडाचे बोल्ट, स्टड आणि नट किटचेच असतात, तिथे किटचाच आकडा. पहिल्या जोडात कंपनीचे मूळ बोल्ट वापरायचे असतील आणि किटवाल्याने वेगळं काही सांगितलं नसेल, तर पुस्तिकेतला आकडा. किटने त्या जागी स्वतःचे बोल्ट दिले असतील तर पुन्हा किटचा.

कागदच आला नसेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या. इंटरनेटवरचे ‘एम १२ ला इतका’ असे तक्ते ब्रेकसाठी धरू नका. त्यांत बोल्टची प्रत, आट्यांवरचा लेप, समोरचा धातू यांपैकी काहीही तुमच्याशी जुळेलच असं नाही.

एकक दोनदा वाचा. अमेरिकन किटवर फूट-पाउंड असतात आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. ८५ फूट-पाउंड म्हणजे ११५ न्यूटन-मीटर झाले. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी ‘किलो’ असतो. साडेआठ किलो म्हणजे साडेआठ किलोग्रॅम-मीटर, जवळजवळ ८३ न्यूटन-मीटर. तो हिशेब बरोबर आहे, फक्त दोघांनी एकच भाषा बोलायला हवी.

आट्यांना ग्रीस लावू का? बोल्ट पुढच्या वेळी सहज निघेल.

कागदावर लिहिलं असेल तरच. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘क्लिक’ करणारा पाना, बोल्टमधला ताण मोजत नाही, फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. त्या जोरातला जवळजवळ निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. वंगण लावलं की घर्षण घटतं आणि तोच ‘क्लिक’ कितीतरी जास्त ताण देऊन जातो.

एम १२ × १.५ ला ८५ न्यूटन-मीटर हाच आकडा ठेवून पाहा. कोरडा आणि थोडा गंजका बोल्ट साधारण ३५ किलोन्यूटन दाब देईल, चांगल्या लेपाचा नवा बोल्ट ४७, आणि कॉपर ग्रीस फासलेला ६० च्या वर. ८.८ प्रतीचा बोल्ट ५१-५२ किलोन्यूटनलाच कायमचा लांबायला लागतो. म्हणजे रेंच अचूक, आकडा अचूक, आणि तरी बोल्ट वाया.

चाकाच्या बोल्टांची गोष्ट वेगळी. पोर्शे तिथे स्वतःच पेस्ट लावायला सांगते: आट्यांवर आणि डोकं व सैल गोलाकार कडं यांच्या मध्ये पातळ थर. कड्याची चाकाला टेकणारी बाजू मात्र कोरडीच ठेवायची. १३० न्यूटन-मीटर हा आकडा या पेस्टसकटचा आहे. दुसऱ्या गाडीच्या पुस्तिकेत कोरडे आटे सांगितले असतील तर ही पेस्ट तिथे चालणार नाही.

लॉकटाइट (आट्यांत सुकून बोल्ट धरून ठेवणारा गोंद) लावायचं का?

किटने सांगितलं असेल तर निळं, म्हणजे २४३ सारखं मध्यम ताकदीचं. आटे ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण सुकू द्या, मग बोल्टच्या टोकाकडच्या तीन-चार आट्यांवर दोन थेंब. पूर्ण घट्ट व्हायला २४ तास लागतात, तेव्हा संध्याकाळी बसवून रात्री घाटात न्यायचं नाही. त्याची उष्णतेची मर्यादा १८० अंश सेल्सिअस आहे. अपराइटपाशी ती पुरते, डिस्कच्या बेलवरच्या (मधल्या टोपीसारख्या भागावरच्या) बोल्टांना पुरेलच असं नाही. तिथे बहुतेक किटांत पूर्ण धातूचे लॉकनट असतात.

नायलॉनच्या कड्याचे नट ब्रेकजवळ कुठेही वापरू नका. १२० अंशांच्या आसपास नायलॉन हार मानतं. आणि लॉकटाइट ही कमी टॉर्कची भरपाई नव्हे. सैल जोडातलं लॉकटाइट फक्त बोल्टला जागेवर ठेवतं, कॅलिपरला नाही.

बाजारात मिळणारा स्टीलचा चकचकीत बोल्ट चालेल का?

नाही. बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचा. १०.९ मध्ये १० म्हणजे तुटण्याची ताकद सुमारे १००० मेगापास्कल आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. ए२-७० असं कोरलेला स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कललाच लांबू लागतो, म्हणजे निम्म्यावर. वर त्याचे आटे एकमेकांत रुतून जाम होतात.

१२.९ आणला तर आणखी मजबूत, असंही नाही. इतकं कठीण पोलाद जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन शोषू शकतं आणि काही तासांनी, कधी दिवसांनी, उभ्या गाडीत तडकतं. मुंबई-कोकणाच्या हवेत बिनलेपाचा १२.९ गंजणार, लेपाचा तडकायची भीती. मूळ बोल्टची प्रत आणि लेप जो असेल तोच आणा, आणि पुस्तिका ‘प्रत्येक वेळी नवे बोल्ट’ म्हणत असेल तर नवेच लावा. फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत मागच्या कॅलिपरच्या ब्रॅकेटला ठरावीक टॉर्क आणि त्यावर ९० अंश असं आवळतात. तो बोल्ट मुद्दाम ताणलेला असतो, पुन्हा वापरायचा नसतो.

बोल्टची लांबी पुरेशी आहे हे कसं ओळखायचं?

या एका तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि ती बहुतेक जण टाळतात. किटचा ब्रॅकेट मूळ कानापेक्षा जाड-बारीक असतो, मध्ये शिम (पातळ चकत्या) येतात, त्यामुळे आट्यांत जाणारी लांबी बदलते. ९९६ चा अपराइट ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट व्यासाच्या दीड ते दोन पट आत गेला पाहिजे, म्हणजे एम १२ साठी १८ ते २४ मिलिमीटर. पोलादात एक पट चालतो.

मोजायची रीत: ब्रॅकेट, शिम, वायसर सगळं जागेवर ठेवून बोल्ट हाताने फिरवा आणि आटा धरल्यापासून डोकं टेकेपर्यंतचे फेरे मोजा. १.५ च्या आट्याला १२ फेरे म्हणजे १८ मिलिमीटर. त्याहून कमी भरले तर बोल्ट आखूड आहे.

उलट चूकही होते. भोक आरपार नसेल आणि बोल्ट लांब असेल, तर तो तळाला टेकतो. रेंच ‘क्लिक’ देतो, मन समाधानी होतं, आणि कॅलिपर मात्र सैलच. म्हणून बोल्ट एकदा वायसर-ब्रॅकेटशिवाय नुसता आत फिरवून तळ कुठे लागतो ते पाहा. भोकात जुनं लॉकटाइट किंवा तेल साचलेलं असेल तरी हाच खेळ होतो. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा, हवेने फुंका.

वायसर उलटसुलट बसला तर काय फरक पडतो?

पडतो. कठीण केलेल्या वायसरच्या भोकाला एका बाजूने उतार असतो, ती बाजू बोल्टच्या डोक्याकडे. डोक्याखाली छोटी गोलाई असते. उलटा वायसर त्या गोलाईवर चढतो, डोकं नीट टेकत नाही, आणि तडा तिथूनच सुरू होतो. साधा मऊ वायसर चेपतो आणि चेपला की ताण गेला.

रंगाचंही तसंच. कॅलिपरला पावडर कोटिंग करून घेताना कानांची टेकणारी बाजू झाकून घ्यायला सांगा. तो थर गरम होऊन दबतो आणि जोड सैल होतो. लाल कॅलिपरची हौस जरूर करा, फक्त टेकणाऱ्या पृष्ठभागावर नको.

आवळायचा नेमका क्रम काय?

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना गुटके, जॅक स्टँडवर. अपराइटची टेकणारी बाजू वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा. ब्रॅकेट लावा, दोन्ही बोल्ट आधी हाताने पूर्ण आत न्या. पान्याशिवाय बोल्ट आत जात नसेल तर तो तिरपा धरला आहे. थांबा आणि काढा. इम्पॅक्ट गनने सुरुवात करणं म्हणजे ॲल्युमिनियमचे आटे कापायचं आमंत्रण.

मग डिस्क दोन चाकाच्या बोल्टांनी हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) दाबून धरा, कॅलिपर चढवा आणि डिस्क मधोमध आहे का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्ही बाजूंना, वर आणि खाली मोजा. फरक असेल तर शिमने दुरुस्त करा. एक जाड शिम चार पातळ शिमांपेक्षा बरा, कारण पृष्ठभाग जितके जास्त तितकं बसणं जास्त. फिरवून पाहा, चाक चढवून कॅलिपर आणि चाकाच्या आऱ्यांत किमान ३ मिलिमीटर मोकळं आहे ना तेही बघा. एवढं जमल्यावरच लॉकटाइट आणि शेवटचं आवळणं.

आवळणं दोन टप्प्यांत: दोन्ही बोल्ट ४० न्यूटन-मीटरला, मग दोन्ही ८५ ला. रेंच मुठीच्या मधोमध धरा, सावकाश आणि एका ओढीत फिरवा, पहिल्या क्लिकला थांबा. ‘एक अजून’ म्हणून दुसरा क्लिक काढायची सवय मोडा, तो प्रत्येक वेळी थोडा थोडा ताण वाढवतो. ओढ मध्येच थांबली तर स्थिर घर्षण मोडायला जास्त जोर लागतो आणि क्लिक खोटा पडतो. बोल्ट पाव फेरा सैल करून पुन्हा ओढा.

शेवटी डोक्यापासून कानापर्यंत पेंट मार्करची एक रेघ. नंतरच्या प्रत्येक तपासणीत ही रेघ रेंचपेक्षा जास्त सांगते.

टॉर्क रेंच कोणता आणि किती खरा?

दोन लागतात. ४० ते २०० न्यूटन-मीटरचा कॅलिपर आणि चाकांसाठी, ५ ते २५ चा ब्रेक पाइप, हवा काढायचे निपल आणि बेलसाठी. मोठा रेंच त्याच्या पट्ट्याच्या अगदी तळाशी वापरला तर क्लिक जाणवत नाही आणि एम १० चा बोल्ट मोडतो. आयएसओ ६७८९ प्रमाणे चांगल्या क्लिक रेंचची चूक १० न्यूटन-मीटरच्या वर ४ टक्क्यांच्या आत हवी. दर वर्षी किंवा ५००० वापरांनंतर तपासून घ्या. काम झालं की स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्या खाली नाही. आणि जाम बोल्ट काढायला हा रेंच वापरू नका, त्यासाठी लांब दांडा घ्या.

मागच्या बोल्टला सॉकेट पोचतच नाही. मग?

क्रो-फूट, म्हणजे रेंचच्या टोकाला लावायचा उघडा पाना. तो रेंचच्या सरळ रेषेत लावला तर दांडा लांबतो आणि टॉर्क वाढतो. रेंचची लांबी, म्हणजे सॉकेट बसतं त्या चौकोनी टोकाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत, ४५० मिलिमीटर. क्रो-फूटची ४० मिलिमीटर. मग रेंच ८५ × ४५० ÷ ४९० म्हणजे ७८ न्यूटन-मीटरला लावायचा. क्रो-फूट काटकोनात लावता आला तर हिशेबच नको, आकडा तोच.

दोन तुकड्यांच्या डिस्कचे बोल्ट आवळून घ्यायचे का?

जोडून आलेली असेल तर हात लावू नका. बेल ॲल्युमिनियमची आणि कडं बिडाचं, दोन्ही वेगवेगळं फुगतात, म्हणून मध्ये बॉबिन (लहान नळकांडी) ठेवून थोडी हालचाल मुद्दाम सोडलेली असते. हाताला हललं म्हणून सैल समजू नका.

नवं कडं बदलताना मात्र सगळे बोल्ट आणि लॉकनट नवे. पूर्ण धातूचा लॉकनट मोकळा फिरतानाही जोर मागतो. तो समजा ३ न्यूटन-मीटर भरला, तर किटच्या आकड्यात तो धरला आहे की वर मिळवायचा आहे हे कागदावर पाहा. इतक्या लहान बोल्टला ३ चा फरक मोठा आहे. आवळणं समोरासमोर, ताऱ्यासारखं, तीन फेऱ्यांत.

ब्रेक पाइपचा बँजो (टोकाचा कडीसारखा जोड) पाझरतो. आणखी आवळू?

नको. बँजो बोल्ट आतून पोकळ असतो, चटकन तुटतो. तांब्याचे दोन्ही वायसर नवे आहेत का, बँजोची बाजू ओरखडलेली आहे का, ते आधी बघा. वायसर बदला, सांगितलेल्या टॉर्कला आवळा.

त्याहून धोक्याची चूक आट्यांची. युरोपीय कॅलिपरना एम १० × १ चे आटे असतात, काही रेसिंग कॅलिपरना तीन अष्टमांश इंच, २४ आट्यांचे. व्यास ९.५ मिलिमीटर, पिच १.०६. एकमेकांत ते दोन-तीन फेरे जातात, मग जड होतात, आणि पान्याने ओढलं की ‘बसले’ असं वाटतं. हाताने शेवटपर्यंत गेलं नाही तर ते फिटिंग त्या कॅलिपरचं नाही.

ब्लीडर निपल वरच्या बाजूला आहेत ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतात आणि हवा कधीच निघत नाही. सगळं आवळून झाल्यावर हे लक्षात येणं फार महागात पडतं.

चाकं बसवताना वेगळं काय?

ब्रेक थरथरतो म्हणून नव्या डिस्कला दोष देतात, कारण बहुतेकदा हबवरचा गंज असतो. हब धातूपर्यंत घासा, त्याला ग्रीस फासू नका. डिस्कची लडखड, म्हणजे फिरताना बाजूला होणारी डुगडुग, डायल गेजने ०.०५ मिलिमीटरच्या आत आणायचा प्रयत्न करा. तीही चाकाचे बोल्ट वायसर घालून आवळल्यावर मोजायची.

बोल्ट एकाआड एक, आधी ६० ला चाक अधांतरी असताना, मग गाडी खाली घेऊन १३० ला. किटसोबत स्पेसर आला असेल तर त्याच्या जाडीइतके लांब बोल्ट हवेत. ९११ च्या ९९१ पिढीत चाकाच्या बोल्टांचा आकडा १६० झाला आहे, आणि मधल्या एकाच मोठ्या नटवाल्या ९९१ जीटी३ चा ६०० न्यूटन-मीटर. त्याला वेगळा रेंच आणि ब्रेकवर पाय दाबून बसणारा दुसरा माणूस लागतो.

पुन्हा कधी तपासायचं?

चाकं ५० ते १०० किलोमीटरनंतर. कॅलिपरची पेंटची रेघ नवे पॅड बसवून झाल्यावर आणि प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी. रेघ सरळ असेल आणि लॉकटाइट लावलं असेल तर रेंच लावू नका, नाहीतर सुकलेलं लॉकटाइट तुम्हीच फोडाल. रेघ सरकली असेल तर बोल्ट काढा, धुवा, नव्याने लावा. नुसतं आवळून पुढे जाऊ नका.

तपासणी थंड गाडीवरच. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम चाकात बोल्ट आधीच जास्त ताणलेला असतो. कोइमतूरच्या कारी स्पीडवेवरून नुकत्याच पिटमध्ये आलेल्या, किंवा खंबाटकी उतरून धाब्यावर थांबलेल्या गाडीवर रेंच जो आकडा देईल तो खोटा.

आवळताना बोल्ट फिरतच राहिला, जोर वाढेना.

आटे गेले, किंवा बोल्ट लांबतो आहे. बोल्ट काढून आट्यांवर पट्टी धरा. मधले आटे विरळ दिसले तर बोल्ट ताणला गेला, तो फेका. आट्यांत ॲल्युमिनियमचा भुगा अडकलेला दिसला तर अपराइटचे आटे गेले. पोलादी इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बाही, टाकता येतो आणि नीट टाकला तर मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतो, पण भोक सरळ पाडायला मशीन लागतं. गाडीवरच हाताने ड्रिल धरून ते करू नका. अपराइट उतरवा.

रिव्हर्समध्ये ब्रेक दाबला की ‘टक्’ आवाज येतो.

पुढे जाताना एकदा, मागे येताना एकदा, असा एकेकच आवाज असेल तर बहुतेक वेळा पॅड कॅलिपरच्या खाचेत सरकतात. रेसिंग किटांत ते चालतं. पण आधी पेंटच्या रेघा बघा. रेघ तुटलेली असेल किंवा कानाच्या कडेला घासून निघालेली काळी पूड दिसत असेल, तर तो कॅलिपर सरकतो आहे. गाडी तिथेच उभी करा, दोन्ही बोल्ट बदला आणि टेकणारा पृष्ठभाग घासला गेला आहे का ते पाहूनच नवे लावा.